घाणा, खुरपं आणि वेचलेले तांदूळ

हुबळीच्या दुर्गदबैलात संध्याकाळी गिरमिटाच्या गाड्यांभोवती माणसं दाटतात. चुरमुरे, बारीक चिरलेला कांदा, चिंच-गुळाची आंबटगोड चव, वरून फुटाण्याच्या डाळीचं पीठ, आणि शेजारच्या कढईतून नुकती उपसलेली मिरची भजी. एवढी एक बशी भरायला तेली, माळी, भात कांडणारी, डाळ भाजणारा असे कितीतरी हात राबलेले असतात. या हातांचे संत कोण? या मुलखात त्याचं उत्तर बाराव्या शतकात सापडतं.

मध्ययुगीन युरोपात धंद्याधंद्याचे पालक संत होते. आचाऱ्यांचा संत लॉरेन्स. इ. स. २५८ मध्ये रोममध्ये त्याला मारलं गेलं. लोखंडी जाळीवर भाजून मारलं अशी कथा आहे, म्हणून चित्रांत त्याच्याजवळ ती जाळी दिसते. गोव्यात आगशीचं चर्च याच संताचं. पाववाल्यांचा संत ओनोरे हा आमियाँचा बिशप. भट्टीत पाव सरकवायचं लांब दांड्याचं फावडं त्याच्या हाती देतात. पण स्वयंपाक किंवा भट्टी हा या दोघांचाही पोटाचा धंदा नव्हता. खरे पाववाले आणि खाटीक फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये, तेराव्या शतकातल्या रंगीत काचांवर भेटतात. तेही बहुतेक खिडकीच्या तळाशी, संतकथांच्या पायाशी.

बाराव्या शतकात, बसवण्णांच्या कल्याणात (आजच्या बसवकल्याणात) मात्र राबणारा माणूसच शरण, म्हणजे शिवभक्त संत, झाला. गाणद कण्णप्पा तेलाच्या घाण्याचा, कोट्टणद सोमव्वा भात कांडणारी, हेंडद मारय्या ताडी विकणारा. ताडी विकणाऱ्यालाही तिथे जागा होती, हे मला फार मोठं वाटतं.

यांतली माझी सर्वांत लाडकी जोडी आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची. सांडलेले तांदूळ वेचून आणायचे आणि त्यातच शरणांना जेवू घालायचं, हा त्यांचा नेम. एकदा मारय्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मांनी ओटीतला भार पाहिला आणि नवऱ्याला तिथल्या तिथे सुनावलं: ही हाव आपल्याला कशाला? जिथून आणले तिथे टाकून या. मारय्या मुकाट्याने परत गेले. गरजेपुरतं ठेवून उरलेलं परत करायला लावणारी ही बाई स्वतः वचनं, म्हणजे कन्नडमधली छोटी गद्यकाव्यं, रचत होती.

शार्त्रचे पाववाले काचेवर दिसतात, मग हे सगळे शरण दगडात का दिसत नाहीत? हुबळीजवळच्या उणकलला चालुक्य शैलीचं चंद्रमौळेश्वराचं सुंदर देऊळ आहे, पण घाणा किंवा मुसळ घेतलेला शरण तिथे शोधू नये. शरणांचं इष्टलिंग, म्हणजे पूजेचं छोटं शिवलिंग, त्यांच्या अंगावरच असे. दगडी देवळाची त्यांना गरजच नव्हती. शिल्प हवं तर तमिळनाडूत दारासुरमला जावं. तिथल्या बाराव्या शतकातल्या ऐरावतेश्वर मंदिरावर नायनार या तमिळ शिवभक्त संतांच्या कथांचे छोटे शिल्पपट आहेत. नायनारांमध्ये तेली कलियर आहेत, आणि अवेळी आलेल्या पाहुण्यासाठी पेरलेलं बी शेतातून परत वेचून आणणारे इळयांकुडी मारनारही आहेत. शरणांची चित्रं उरली ती वचनांत. धारवाडात जन्मलेल्या फ. गु. हळकट्टींनी घरोघरच्या ताडपत्रांतून ती गोळा केली आणि १९२३ मध्ये ‘वचनशास्त्रसार’ बेळगावात छापून घेतलं. पुढे त्यांनी त्यासाठी स्वतःचा छापखानाही काढला.

मराठी मुलखात याच जातकुळीचे सावता माळी (१२५०–१२९५), सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे. भाजीच्या वाफ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या त्यांच्या प्रसिद्ध अभंगात आज मिरचीही म्हटली जाते. मिरची तर पोर्तुगीजांबरोबर, १४९८ नंतर भारतात आली. म्हणजे ती पुढच्या कुणा गाणाऱ्याने आपल्या मळ्यातून त्या अभंगात घातली असणार. ब्याडगीच्या मिरचीवर पोसलेल्या हुबळीच्या भागाला त्यात काही वावगं वाटू नये. सावता पंढरीला गेले नाहीत, मळा सोडला नाही. आजही पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी अरणला जाते.