पितळेच्या गंजातले दूध आणि बाळाचे यकृत

‘कल्हईऽऽ’ ही हाळी आता कारंज्याच्या गल्लीबोळांत क्वचितच ऐकू येते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कल्हईवाला आला की घरोघरची पितळेची भांडी बाहेर निघायची. तापलेल्या भांड्यात तो नवसागर टाकायचा, कथील फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने पुसताच भांडे आतून चांदीसारखे लखलखायचे. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, कढी किंवा चिंचेचे वरण कळकते, हे त्या काळी प्रत्येक गृहिणीला ठाऊक होते. दूध मात्र कळकताना दिसत नाही. त्यामुळे कल्हई उडालेल्या गंजात दूध तापवायला कुणाला भीती वाटत नसे. माहेरहून आलेल्या त्याच गंजात तान्ह्या बाळाचेही दूध तापे आणि दिवसभर तसेच राही.

वाचकहो, या साध्या सवयीचा मुलांच्या एका प्राणघातक आजाराशी संबंध आहे, हे आपल्याच महाराष्ट्रातील डॉक्टरांच्या संशोधनातून पुढे आले. आज त्याचीच माहिती घेऊ.

‘बाळाला लिव्हर झाले’

घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. ‘बाळाला लिव्हर झाले’ हे शब्द त्यांनी नक्की ऐकले असतील. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचे, चांगले बाळसे धरलेले मूल हळूहळू चिडचिडे व्हायचे. भूक मंदावायची, अंगात कसर राहायची, पोट पुढे यायचे. डॉक्टरांनी पोट चाचपले की उजव्या बरगडीखाली टणक झालेल्या यकृताची धारदार कडा हाताला लागायची. पुढे कावीळ व्हायची आणि पोटात पाणी साठायचे. बहुतेक मुले काही महिन्यांतच दगावत. एकाच घरात एकापाठोपाठ दोन-तीन मुले गेल्याचीही उदाहरणे होती.

वैद्यकशास्त्रात या आजाराला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ म्हणतात. सिऱ्हॉसिस म्हणजे यकृताच्या जिवंत पेशी मरून त्यांच्या जागी व्रणासारखे कठीण तंतू तयार होणे. १८८७ साली कलकत्त्यातील डॉ. सेन यांनी या आजाराचे वर्णन केले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे त्याचे कारण कुणालाच नेमके सापडत नव्हते. विषाणू, आनुवंशिकता, कुपोषण अशा अनेक शंका घेतल्या गेल्या. पण हा आजार उपाशी घरांपेक्षा खाऊनपिऊन सुखी घरांत जास्त दिसे. दारात गाय-म्हैस आणि फळीवर पितळेची भांडी असलेली ही घरे होती. याच गोष्टीत उत्तर दडलेले होते.

पुण्यातील शोध

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी मिळून या प्रश्नाचा पाठपुरावा केला. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण नेहमीच्या अनेक पट असल्याचे १९७९ साली ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात जाहीर झाले. मग प्रश्न आला, एवढे तांबे बाळाच्या पोटात येते कुठून?

डॉक्टरांनी मातांना विचारायला सुरुवात केली. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले? कोणत्या भांड्यात तापवले? कोणत्या भांड्यात ठेवले? आजारी मुलांची तुलना त्याच वयाच्या निरोगी मुलांशी केली. आजारी मुलांना वरचे दूध फार लवकर सुरू झालेले होते आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यांतले होते. १९८३ साली हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. कल्हई नसलेल्या पितळेत दूध तापवले किंवा ठेवले की त्यात तांबे उतरते. दुधातील केसीन हे प्रथिन ते तांबे धरून ठेवते. त्यामुळे दुधाचा रंग, वास बदलला नाही तरी बाळाच्या पोटात तांबे जातच राहते. मोठ्या माणसाचे यकृत जास्तीचे तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा मोठा असतो आणि ते बाहेर टाकण्याची ताकद कमी असते. मग ते यकृतातच साठते आणि पेशींचा नाश करते. त्याच प्रकारच्या भांड्यातले दूध पिऊन सगळीच मुले आजारी पडली नाहीत. त्यामुळे काही मुलांत जन्मजात दुबळेपणा असावा, असेही तज्ज्ञ मानतात.

शरीरातील तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध पुण्याच्या डॉक्टरांनी वापरून पाहिले. अगदी सुरुवातीला दिलेल्या काही मुलांना त्याने वाचवले. पण आजार पुढे गेल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नसे. खरा उपाय होता भांडे बदलण्याचा. बाळाला आईचेच दूध द्या आणि वरचे दूध द्यावेच लागले तर पितळेत तापवू नका, एवढेच मातांना सांगण्यात आले. त्याच काळात स्टीलची भांडीही घरोघर आली. पुढच्या काही वर्षांत, एकेकाळी रुग्णालये भरून टाकणारा हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

असेच युरोपातही घडले होते. ऑस्ट्रियाच्या टायरॉल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच आजाराने दगावल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तिथेही गाईचे दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवत असत. भांडी बदलली आणि आजार संपला.

आजही सावध का राहावे?

अलीकडे तांब्या-पितळेची भांडी पुन्हा हौसेने घेतली जात आहेत. देवघरात, दिवाणखान्यात ती जरूर शोभतात. कल्हई केलेल्या भांड्यात मोठ्यांचा स्वयंपाकही होतो. पण चिंच, राख किंवा पावडरीने घासून कल्हई हळूहळू निघून जाते, हे विसरू नये. तान्ह्या बाळाचे दूध, पेज, पाणी यांच्यासाठी स्टीलचेच भांडे वापरावे. ‘तांब्यातले पाणी चांगले’ म्हणून ते बाळाला पाजू नये. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध पुरते, वरचे पाणीसुद्धा लागत नाही.

दुसरा शत्रू : पांढरी शी

पितळेमुळे होणारा आजार गेला, तरी मुलांच्या यकृताचे सगळे आजार गेलेले नाहीत. एका आजाराची खूण बाळाच्या लंगोटातच दिसते, म्हणून प्रत्येक आईने ती ओळखायला हवी. काही बाळांमध्ये यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी नळी जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच बंद झालेली असते. याला ‘बिलिअरी ॲट्रेशिया’ म्हणतात. साधारण दहा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो. पित्त यकृतातच कोंडते आणि थोड्याच महिन्यांत सिऱ्हॉसिस होतो.

नवजात बाळाला पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ होणे नेहमीचेच आहे. ती बहुधा आपोआप जाते. पण पंधरा दिवसांनंतरही डोळे पिवळे असतील, लघवीने लंगोट गडद पिवळे होत असतील आणि शी खडूसारखी, राखाडी किंवा पांढुरकी होत असेल, तर एक दिवसही थांबू नये. बाळ अंगाने चांगले दिसते, दूध पिते, म्हणून घरचे निर्धास्त राहतात आणि तिथेच फसगत होते. काविळीची माळ, चुन्याच्या पाण्यात हात धुणे, पोटावर डाग देणे यात दिवस जातात, आणि या आजारात प्रत्येक दिवस मोलाचा असतो.

जपानमधील शल्यविशारद डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात या आजारावर शस्त्रक्रिया शोधली. आतड्याचा भाग थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून दिली जाते. बाळ साठ दिवसांचे होण्याआधी ती झाली तर यशाची शक्यता सर्वांत जास्त असते. तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक नवजात बाळाच्या आईला शीच्या रंगांची चित्रे असलेले कार्ड देतात. रंग जुळवून पाहायला डॉक्टर लागत नाही, आईची नजर पुरते.

शेवटचा उपाय

वेळ निघून गेली किंवा शस्त्रक्रिया अयशस्वी ठरली, तर यकृत प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो. जगातील पहिले यकृत प्रत्यारोपण अमेरिकेत डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली केले, तेही याच आजाराच्या तीन वर्षांच्या मुलावर. ते मूल वाचले नाही. १९६७ साली दीड वर्षाच्या मुलीवरील प्रत्यारोपणाला पहिल्यांदा यश आले. भारतात १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि १९९८ साली दिल्लीत लहान मुलावरील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले. वडिलांनी आपल्या यकृताचा तुकडा दिला होता. यकृत पुन्हा वाढते, म्हणूनच आई किंवा वडील त्याचा एक भाग मुलाला देऊ शकतात.

आता मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ही शस्त्रक्रिया होते आणि अनेक मुले नंतर शाळेत जातात, खेळतात. पण खर्च लाखांच्या घरात जातो. औषधे जन्मभर घ्यावी लागतात. घरातील धडधाकट माणसालाही ऑपरेशनच्या टेबलावर जावे लागते. म्हणून तिथवर वेळ येऊ न देण्याची धडपड आधी करायची.

हे लक्षात ठेवा

• सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध.
• बाळाचे दूध, पेज, पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात नको.
• पहिले दोन महिने बाळाच्या शीचा रंग उजेडात पाहा.
• पंधरा दिवसांनंतरही कावीळ असेल तर रक्ताची तपासणी करा. बिलिरुबिन एकूण किती आणि त्यात ‘डायरेक्ट’ किती, हे डॉक्टरांना विचारा.
• शी पांढरी असेल तर लंगोटच सोबत घेऊन दवाखान्यात जा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पितळेचा गंज चुलीवरून खाली उतरला आणि असंख्य मुले वाचली. त्यासाठी मोठे रुग्णालय किंवा महागडे औषध लागले नाही. बाळाची शी पांढरी दिसली, तर तीच जागरूकता पुन्हा दाखवायची आहे. घरात नवे बाळ आले असेल तर आज हा लेख आजीलाही वाचून दाखवा.