कुलूप शाबूत, दार उघडे

ज्या घरात इंटरनेट आले, त्या घरात भिंतीवर अथवा कपाटाच्या माथ्यावर एक लहानशी पेटी आली. तिचे दिवे रात्रंदिवस लुकलुकत असतात आणि धूळ झाडण्यापलीकडे तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. तथापि आखातात नोकरीस असलेल्या मुलाची ख्यालीखुशाली, लेकीचा अभ्यास, वडिलांच्या निवृत्तिवेतनाचा हिशेब आणि बँकेचे देणेघेणे हे सारे त्या पेटीतूनच ये-जा करीत असते. तिचे नाव राउटर. जुन्या वाड्याच्या देवडीवर जसा पहारेकरी असे, तद्वत् आपले घर आणि बाहेरचे अफाट जग यांच्या मधोमध हा राउटर उभा असतो.

पहारेकऱ्यास हुकूम देण्याचा अधिकार घरधन्याचा. तो अधिकार सिद्ध करण्यासाठी पासवर्डाची योजना केलेली असते. पासवर्ड अवघड ठेवला की आपले कर्तव्य संपले, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु ती अर्धीच खरी आहे. राउटरच्या आज्ञावलीत असे दोष वारंवार सापडले आहेत की, ज्यांच्या योगे परक्या माणसास पासवर्ड मुळी विचारलाच जात नाही. चोर कुलूप फोडीत नाही, किल्लीही चोरीत नाही. पहारेकरीच त्याला आत सोडतो. तंत्रज्ञ यास ‘ऑथेंटिकेशन बायपास’ असे म्हणतात. ओळख पटविल्यावाचून मिळालेला प्रवेश, असा त्याचा अर्थ. हे घडते तरी कसे, ते तीन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण २०१३ सालचे. आपल्या संगणकावरील ब्राउझर राउटरकडे काही मागतो, तेव्हा प्रत्येक वेळी तो आपले नाव सांगतो. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात क्रेग हेफ्नर या अमेरिकन संशोधकाने डी-लिंक कंपनीच्या काही राउटरांची आज्ञावली उलगडून पाहिली. एक विशिष्ट, अर्थहीन वाटणारी अक्षरमाला ब्राउझरने आपले नाव म्हणून सांगितली, तर पासवर्ड न विचारताच सर्व अधिकार मिळतात, असे त्यास आढळले. ती अक्षरमाला उलट्या क्रमाने वाचली, तेव्हा तिच्यात ‘जोएल’ हे नाव आणि ‘बॅकडोअर’, म्हणजे मागचे दार, हा शब्द निघाला! राउटरमधील इतर आज्ञावलींस आपोआप फेरबदल करता यावेत म्हणून ही सोय ठेवली असावी, असा हेफ्नरने तर्क केला. कंपनीने पुढे दुरुस्ती प्रसिद्ध केली. तथापि बोध स्पष्ट आहे: कारागिराने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली खिडकी चोरालाही तितकीच सोयीची असते.

दुसरे उदाहरण २०२१ सालचे. तैवानमधील आर्केडियन कंपनीची आज्ञावली अनेक कंपन्यांच्या राउटरांत वापरली जाते. पासवर्ड विचारणारे पान दाखवावयाचे तर त्या पानावरील चित्रे पासवर्ड मिळण्यापूर्वीच पाठवावी लागतात. म्हणून चित्रांच्या कप्प्यास पहाऱ्यातून सूट दिलेली होती. चूक अशी झाली की, आज्ञावली मागणीचा केवळ आरंभ तपाशी. आरंभी चित्रांच्या कप्प्याचे नाव घ्यावे, आणि पुढे ‘तेथून एक पायरी वर चढून दुसऱ्या कप्प्यात जावे’ असे लिहावे, की काम फत्ते! लग्नघरी डोक्यावर फुलांची टोपली घेऊन येणाऱ्यास कोणी अडवीत नाही. तो मंडपात न थांबता थेट दागिन्यांच्या खोलीत शिरला, तर जसे होईल तसेच हे झाले. टेनेबल या अमेरिकन कंपनीच्या इव्हान ग्रँट यांनी हा दोष शोधला. तो किमान दहा वर्षे त्या आज्ञावलीत तसाच पडून होता. ३ ऑगस्ट २०२१ रोजी त्याची तपशीलवार माहिती प्रसिद्ध झाली आणि ५ ऑगस्ट रोजी त्याचा गैरफायदा घेणारे हल्ले नोंदविले गेले. दहा वर्षे झाकलेली गोष्ट उघड होताच दुष्टांस दोन दिवस पुरले.

तिसरे उदाहरण ‘द मून’ या नावाच्या कृमीचे, म्हणजे स्वतःहून पसरणाऱ्या घातक आज्ञावलीचे. फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील सॅन्स संस्थेच्या तज्ज्ञांस लिंक्सिस कंपनीच्या काही राउटरांत तो आढळला. तो एका दुर्लक्षित उपआज्ञावलीकडे वाटेल तो पासवर्ड पाठवी. पण ती उपआज्ञावली पासवर्ड पाहतच नसे. पुढच्या दाराशी पहारा चोख, पण परसदारी कोणीच नाही, अशातलाच हा प्रकार. ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपाससंस्थेने याच कृमीच्या नव्या अवतारांविषयी इशारा दिला. उत्पादकांनी ज्यांची दुरुस्ती थांबविली होती असे जुने राउटर ताब्यात घेऊन, त्यांच्या आडून आपली ओळख लपविण्याची सोय गुन्हेगारांना पैसे घेऊन पुरविली जात होती.

येथे कोणी म्हणेल, ‘आमच्या घरी चोरण्यासारखे आहे तरी काय?’ या प्रश्नास दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर ब्राझील देशाने दिले आहे. तेथे २०११ च्या सुमारास सुमारे ४५ लाख मोडेम गुन्हेगारांच्या हाती गेले. त्यांतील एका दोषामुळे मोडेमचा पासवर्डच बाहेरून काढून घेता येई. मग चोरांनी एकच गोष्ट बदलली: संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी यंत्रणा. गृहस्थ आपल्या बँकेचे नाव अचूक लिही. पण पेटी त्यास बँकेसारख्याच दिसणाऱ्या खोट्या दारी नेऊन सोडी. संगणक निर्दोष, गृहस्थ सावध, आणि तरीही पैसे गेले.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. आपल्या पेटीतून चोरी होते ती पुष्कळदा आपली नव्हे, तर दुसऱ्याची. चोर आपल्या घराचा पत्ता मुखवट्यासारखा धारण करतो. नुकसान होते कोणा अनोळखी शेजाऱ्याचे, आणि माग काढणारा येऊन पोहोचतो आपल्या उंबरठ्याशी. म्हणून हा विषय केवळ यंत्राचा नाही. तो शेजारप्रीतीचा आहे.

योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू मेंढवाड्याविषयी बोलतो. दाराने न येता दुसऱ्या वाटेने चढून येणारा, तो चोर, हे त्याने स्पष्ट सांगितले आहे. त्याच दाखल्यात एक द्वारपालही आहे, आणि तो मेंढपाळाला दार उघडतो. ज्याला दार उघडावयाचे त्याची ओळख असणे, हेच द्वारपालाचे सारे काम. राउटर ते काम करीत नसेल तर दोष कोणाचा? मुख्य दोष चोराचा, कारण सातवी आज्ञा यंत्राच्या आड बसलेल्यासही लागू आहे. त्याखालोखाल ज्याने वाडा बांधला आणि परसदार उघडे ठेवले, त्या कारखानदाराचा. आणि दोष कळूनही ग्राहकास न कळविणाऱ्या पुरवठादाराचा. फसविला गेलेला गृहस्थ येथे अपराधी नव्हे. असा आघात झाल्यावर शरमेने तोंड लपविणारी, पोलिसांकडे किंवा बँकेकडे जाण्यास कचरणारी वडीलधारी माणसे असतात. त्यांना घरच्यांनी बोल लावू नये, धीर द्यावा. आणि तक्रार नोंदविण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

परंतु अजाणता घडलेली चूक वेगळी आणि जाणूनबुजून केलेली हयगय वेगळी, असा विवेक ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्राने नेहमीच शिकविला आहे. एकदा कळल्यावर आपल्या वाट्याचे कर्तव्य उरतेच. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड प्रथम बदलावा. जुलै २०१७ मध्ये आपल्याच देशात भारत संचार निगमच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका घातक आज्ञावलीने निकामी केले, ते मुख्यतः हा मूळ पासवर्ड तसाच राहिल्यामुळे. दुसरे असे की, घराबाहेरून राउटरचे नियंत्रण करण्याची सोय, जिला रिमोट मॅनेजमेंट म्हणतात, ती बंद ठेवावी. वर सांगितलेले बहुतेक हल्ले बाहेरच्या बाजूने पोहोचू शकतात ते याच वाटेने. तिसरे, उत्पादक दुरुस्तीची नवी आवृत्ती देतो ती त्वरित घालावी अथवा आपोआप घातली जाईल अशी व्यवस्था करावी. दोषाची वार्ता बाहेर पडली की हल्लेखोरांस फार वेळ लागत नाही, हे २०२१ च्या उदाहरणाने दाखविलेच आहे. आणि ज्या पेटीची दुरुस्ती उत्पादकाने कायमची थांबविली असेल, ती चालू असली तरी बदलावी. खर्च होईल खरा. परंतु पहारा सोडून गेलेल्या पहारेकऱ्यास केवळ तो उभा दिसतो म्हणून देवडीवर ठेवणे शहाणपणाचे नाही.

ही कामे कित्येक वृद्धांना एकट्याने जमणारी नाहीत. आपल्या धर्मग्रामातील तरुणांना मात्र ती तासाभरात करता येतील. रविवारच्या मिस्सानंतर एखाद्या आजीच्या घरी जाऊन, तिच्या अनुमतीने व तिच्यासमक्ष एवढे करून द्यावे, नवा पासवर्ड तिच्याच वहीत लिहून ठेवावा, आणि स्वतः तो विसरून जावे. सेवा म्हणजे नेहमी काही मोठे असावे लागते असे नाही. शेजाऱ्याचे दार नीट लागले आहे की नाही हे पाहणे, हीदेखील सेवाच होय.