प्रसरणातून कण कसे निर्माण होतात?

विश्व प्रसरण पावते तशी वाढलेल्या जागेत नव्या कणांची भर पडते, असा समज होऊ शकतो. तशी कल्पना हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांच्या १९४८च्या स्थिर स्थिती सिद्धांतात होती. खगोलशास्त्रज्ञ नारळीकरांमुळे ती मराठी वाचकांना परिचित आहे. प्रसरणातून कण निर्माण होण्याची यंत्रणा मात्र वेगळी आहे. १९३९मध्ये भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांना तिची चाहूल लागली (आणि ते धास्तावले), साठच्या दशकात लिओनार्ड पार्कर यांनी ती नीट मांडली.

कण म्हणजे पुंजक्षेत्राची (अवकाशभर पसरलेल्या भौतिक राशीची) कंपने. ती कशी वाढतात, हे झोक्यावरून समजते. झोक्यावर उभे राहून लयीत उठबस केली, की मागून न ढकलताही झोका चढतो. मात्र तो आधी जरासा हलता हवा. निर्वात पोकळीतले क्षेत्रही कधीच पूर्ण निश्चल नसते. उठबस झोक्याची बदलते, तशी प्रसरण या कंपनांची वारंवारता बदलते. हा बदल कंपनांच्या मानाने झपाट्याचा असेल तर ती चढतात आणि कण जोडीजोडीने प्रकटतात. म्हणजे जागा किती वाढली यापेक्षा बदल किती वेगाने झाला हे महत्त्वाचे. त्यामुळे आजच्या संथ प्रसरणात ही निर्मिती नगण्य आहे. सर्व दिशांना सारख्या प्रसरणात प्रकाशकण तर या मार्गाने निर्माणच होत नाहीत, हेही पार्कर यांनीच दाखवले.