स्केर्त्सो : सुरांची थट्टामस्करी

पाश्चात्त्य संगीताच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘स्केर्त्सो’ हे नाव वारंवार दिसतं. इटालियन भाषेत त्याचा अर्थ थट्टा. मोन्तेव्हेर्दीने १६०७ साली आपल्या हलक्याफुलक्या गाण्यांच्या संग्रहाच्या नावात हा शब्द वापरला होता.

वाद्यसंगीतात तो ठसवला हायडनने. १७८१ मध्ये रचलेल्या ओपस ३३ या सहा स्ट्रिंग क्वार्टेट्समध्ये त्याने मिनुएट या दरबारी नृत्याच्या जागी हे नाव घातलं. खरी खोडी मात्र त्यातल्या दुसऱ्या क्वार्टेटच्या अगदी अखेरीस आहे. चाल संपत आली असं वाटतं, तोच हायडन तिचे तुकडे पाडतो आणि दोन तुकड्यांमध्ये शांतता पेरतो. मग बरीच लांब शांतता येते. संपलं म्हणून श्रोते हात वर करतात, तेवढ्यात चालीचा पहिलाच तुकडा अगदी हळू आवाजात पुन्हा वाजतो. आणि तिथेच रचना थांबते! एकही विनोदी शब्द न वापरता सबंध सभागृहाला हसवणं ही केवढी कारागिरी.

सिंफनीत स्केर्त्सोला हक्काची जागा मिळाली ती बीथोव्हेनमुळे. तीन मात्रांचा ठेका मिनुएटचाच, पण लय इतकी द्रुत की त्यावर नाचायची सोय उरली नाही. आघात अनपेक्षित मात्रेवर पडतात, आवाज एकदम चढतो नि उतरतो. मध्ये ‘ट्रिओ’ नावाचा वेगळ्या वळणाचा भाग येतो आणि मग पहिला भाग परततो.

नाव थट्टेचं असलं तरी भाव हसराच असेल असं नाही. शोपँचा १८३५ साली प्रसिद्ध झालेला पहिला स्केर्त्सो दोन कर्कश आघातांनी सुरू होतो आणि पियानोवर वादळ उठतं. मध्यभागी मात्र पोलंडमधलं नाताळचं अंगाईगीत ऐकू येतं. इथे थट्टा शोधणारा निराश होईल. स्केर्त्सोचा प्राण हसण्यापेक्षा श्रोत्याला चकवण्यात आहे, हे या रचनेवरून पटतं.

नव्या श्रोत्याने डुकासच्या ‘द सॉर्सरर्स अप्रेंटिस’पासून सुरुवात करावी. १८९७ ची ही रचना गोएटेच्या कवितेवर आधारलेला स्केर्त्सोच आहे. डिस्नेच्या १९४० च्या ‘फँटेशिया’त मिकी माउसच्या हातून झाडू आवरेनासे होतात, ते याच संगीतावर. चित्रपट आधी पाहिला असेल, तर आता एकदा डोळे मिटून नुसतं ऐकावं.