बचतीचा अंदाज कसा करावा?

आजच्या खर्चाचें फळ पुढील पिढीच्या पदरीं किती पडेल, हा प्रश्न कोल्हापुरास नवा नाहीं. शाहू छत्रपतींनीं आरंभिलेलें राधानगरीचें धरण त्यांच्या पश्चात् कित्येक वर्षांनीं पूर्ण झालें. पण धरणाचें पाणी डोळ्यांस दिसतें. सरकारी इमारतींत जुने दिवे व पंखे बदलून जी वीज वांचते, ती मात्र कोणास दिसत नाहीं. कारण मीटर खर्चलेली वीज मोजतो, न खर्चलेली नव्हे. 2017 सालीं महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानें अशा कामासाठीं एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस या सरकारी कंपनीशीं करार केला. अशा योजनेंत कंपनी आधीं पैसा घालते व तो पुढें बचतींतून वसूल करिते. म्हणून बचतीचा अंदाज चुकला तर भुर्दंड जनतेसच पडतो.

हा अंदाज कसा करितात, तें उदाहरणानें पाहूं. एका वर्गांत दहा जुन्या ट्यूबा आहेत. चोकसह प्रत्येक सुमारें 50 वॉट घेते. त्यांच्या जागीं 20 वॉटचे एलईडी दिवे लाविले, म्हणजे एकूण 300 वॉट वांचले. रोज सहा तास, वर्षाचे 200 दिवस धरिले तर वर्षास 360 युनिट, व दहा वर्षांत 3600 युनिट!

येथेंच सावध राहिलें पाहिजे. खिडक्या उघड्या असल्यानें दिवे तीनच तास लागत असतील, तर बचत निम्मी झाली. शिवाय जुन्या ट्यूबा तीन वर्षांत जाऊन त्यांच्या जागीं एलईडी येणारच होते, असें असेल तर पुढील सात वर्षांची बचत योजनेच्या खातीं मांडतां येत नाहीं. मग 3600 चे 540 च उरतात. आणि वीज कमी लागते म्हणून दिवे दिवसभर तसेच ठेविले, तर तेंही उरत नाहीं.

‘योजना नसती तर काय झालें असतें?’ हा प्रश्न सर्वांत कठीण होय. केंद्र सरकारची उजाला योजना 5 जानेवारी 2015 रोजीं सुरू झाली. 2014 च्या आरंभीं सरकारी खरेदींत 310 रुपयांस पडणारा एलईडी दिवा 2016 मध्यें 38 रुपयांस पडूं लागला. इतका स्वस्त दिवा लोकांनीं आपण होऊनच घेतला असता, असें एक पक्ष म्हणेल; मोठ्या सरकारी मागणीमुळेंच तो स्वस्त झाला, असें दुसरा म्हणेल. दोहोंतही तथ्य आहे.

पैशाचाही विचार हवा. शेकडा 7 चक्रवाढ व्याजानें आजचे 51 रुपये दहा वर्षांनीं सुमारें 100 होतात. तेव्हां दहाव्या वर्षीं वांचणारे 100 रुपये आज 51 च समजावे.

यावरून बचत व्यर्थ आहे, असें कोणीं समजूं नये. मात्र अंदाज करणाऱ्यानें आपण काय गृहीत धरिलें, तें स्पष्ट सांगावें, व काम झाल्यावर मीटर पाहून तो अंदाज ताडून पाहावा. विद्यार्थ्यांनीं घरीं दिवे बदलण्यापूर्वीं व नंतर महिनाभर रोजचें वाचन वहींत टिपावें, व पालकांनीं तें बिलाशीं पडताळावें. मोजून पाहण्याची ही संवय ज्यांस लागेल, तेच उद्यां सार्वजनिक पैशाचा हिशेब नीट मागूं शकतील.