लंडनमधले दोन १० नंबर

वरवंडला व्हिक्टोरिया तलाव आहे. त्यामुळे इथून लंडनला शिकायला गेलेल्या मुलाला एक नाव तरी तिथे ओळखीचं भेटतं, आणि पुन्हा पुन्हा भेटतं: व्हिक्टोरिया स्टेशन, राजवाड्यासमोरचं व्हिक्टोरियाचं स्मारक, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय. पहिल्या सुट्टीत मुलं टॉवर ब्रिज, बिग बेन बघतात, १० डाउनिंग स्ट्रीटच्या फाटकाशी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतात. ते जरूर करावं. पण या शहरात आणखी दोन १० नंबरची घरं आहेत, आणि आपल्या भागातल्या विद्यार्थ्याने एक अख्खा दिवस त्यांच्यासाठी राखून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

पहिलं घर १०, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनला उतरलं की चालत जाता येतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहत. त्यांचं लंडनचं शिक्षण एका दमात झालेलं नाही. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातलं. पुढच्याच वर्षी बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि परतावं लागलं. पुस्तकं वेगळ्या जहाजाने पाठवली होती, ते महायुद्धात बुडालं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांनी मदत केली, तेव्हा कुठे १९२० मध्ये पुन्हा बोट धरता आली. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टरी, १९२३ ला रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी डी.एस्सी. दिवसभर ग्रंथालय, पोटाला बेताचंच. हप्त्यावर शैक्षणिक कर्ज काढून गेलेल्या आजच्या मुलाला या घराच्या जिन्यावर जे कळेल, ते दुसऱ्या कुठल्या वास्तूत कळणार नाही. हे घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतलं आणि त्याचं स्मारक केलं. उघडण्याच्या वेळा मात्र आधी पाहून घ्याव्यात.

तिथून पुढे बस किंवा रेल्वे न घेता रीजंट्स कालव्याच्या काठाने चालावं. आपल्याकडचा कालवा उसाला पाणी देतो. हा १८२० मध्ये पुरा झाला तो मालाच्या होड्यांसाठी, आणि काठावरून घोडे त्या ओढत. वाटेत प्राणिसंग्रहालय लागतं. शेवटी लिटल व्हेनिस, आणि तिथून जवळच दुसरं घर: १०, हाउली प्लेस.

इथे लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले. ते विद्यार्थी म्हणून आले नव्हते. इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर त्यांनी बदनामीचा दावा लावला होता आणि बासष्टाव्या वर्षी त्या खटल्यासाठी ते लंडनला आले. खटला ते हरले. तरी लगेच न परतता त्यांनी मजूर पक्षाच्या लोकांत स्वराज्याची बाजू मांडली. भिंतीवरची गोल पाटी १९६१ सालची आहे. घर खासगी आहे, म्हणून रस्त्यावरूनच बघावं, बेल वाजवू नये.

दुपारी हायगेट. आर्चवे स्टेशनपासून चढ चढून गेलं की ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू. श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ मध्ये हिंदी विद्यार्थ्यांसाठी काढलेलं वसतिगृह, इंडिया हाउस, ते हेच. पाटी सावरकरांच्या नावाची आहे. १९०६ मध्ये ते श्यामजींच्या शिष्यवृत्तीवर आले. माझ्या मते मात्र दौंड-शिरूरकरांनी इथे आणखी एकाची आठवण काढायला हवी. शिरूरहून घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा, आणि तिथल्या पारनेरचे सेनापती बापट. १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले. इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केलं म्हणून ती शिष्यवृत्ती गेली, आणि त्यांचा या घराशी संबंध जुळला. पुढे मुळशीच्या धरणग्रस्तांसाठी उभे राहिले ते हेच बापट.

संध्याकाळ होत आली की मध्य लंडनमध्ये परतावं. ग्रेज इनचं आवार बाहेरून तरी पाहावंच. सावरकर परीक्षा उत्तीर्ण झाले तरी १९०९ मध्ये या संस्थेने त्यांना बॅरिस्टरची सनद दिली नाही. तिनेच १९२२ मध्ये आंबेडकरांना बॅरिस्टर केलं. ब्रिटिश म्युझियम तिथून लांब नाही. त्याच्या मधल्या चौकातली गोल वाचनशाळा १८५७ मध्ये उघडली, आणि आंबेडकर तिथे तासन् तास बसत. म्युझियमला तिकीट नाही, त्यामुळे बंद व्हायच्या आधीचा अर्धा तासही फुकट जात नाही.

दुसरा दिवस हाताशी असेल तर डिडकॉटपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने वाँटेजला जावं. केडगावच्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाई या सगळ्यांच्या कितीतरी आधी, १८८३ मध्ये, लहानग्या मनोरमेला घेऊन वाँटेजच्या मठात आल्या होत्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानांनी साथ दिली नाही. मग चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवत आणि स्वतःही शिकत. तिथूनच १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी.