सरकारी रुग्णालयातील संगणक : खर्च कशासाठी, फायदा कोणाला?

सरकारी रुग्णालयात संगणक आला म्हणजे कारभार सुधारला, असा समज सर्वत्र आढळतो. आम्ही कापडाचे व्यापारी आहोत. खतावणी संगणकावर घेतली आणि वहीही चालूच ठेवली, तर मुनीमजींना दुप्पट लिहावे लागते आणि शेवटी दोन्ही हिशेब जुळत नाहीत, हे कोणाही दुकानदाराला ठाऊक आहे. रुग्णालयाचा हिशेब यापेक्षा वेगळा नाही. फरक इतकाच की, तेथे चूक झाली तर गरीब रुग्णाला औषध मिळत नाही.

आपल्या कोडोलीच्या शेजारचेच उदाहरण घ्या. १९९८ साली वारणानगर परिसरातील, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र व राज्य सरकारांबरोबर वारणा सहकारी समूहाचाही त्यात पैसा होता. शेती, आरोग्य, शिक्षण अशी सर्व माहिती गावातच मिळावी, हा हेतू होता. प्रत्यक्षात मुख्यतः चालले ते उसाचे काम : नोंद, तोड, वजन आणि बिल. कारण शेतकऱ्याला त्याची गरज होती आणि कारखाना ती माहिती नियमित पुरवीत होता. बाकीच्या माहितीचा वापर फारसा झाला नाही. पुढे काही गावांत हेच काम मोबाईलच्या संदेशांवर करून पाहिले, तर तेही चालले. म्हणजे महत्त्व यंत्राला नसून गरजेला आहे.

दुसरा धडा कराराचा. राज्यातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खाजगी कंपनीमार्फत चालणारी संगणक प्रणाली जुलै २०२२ मध्ये वादातून बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहावे लागले. श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. ब्रिटनने २००२ मध्ये सुरू केलेली देशव्यापी योजना अब्जावधी पौंड खर्चून २०११ मध्ये गुंडाळली. तेथे सर्व काही वरून ठरले होते. डॉक्टर व परिचारिकांना पुरेसे विचारलेच नव्हते.

याउलट १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणाबरोबर सुरू झालेली ‘कोविन’ प्रणाली टिकली. तिचे काम ठरलेले होते : नाव नोंदवा, लस द्या, प्रमाणपत्र द्या. प्रमाणपत्र प्रत्येकाला हवे होते, म्हणून नोंदही होत गेली. मात्र ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, त्यांना सुरुवातीला अडचण आली, हेही विसरता येत नाही.

तेव्हा नवीन प्रकल्प येताच चार प्रश्न विचारावेत. परिचारिकेचे लिहिणे कमी होणार की वाढणार? वीज वा इंटरनेट गेल्यास काम कसे चालेल? कंपनी गेली तर रुग्णांच्या नोंदी कोणाच्या ताब्यात राहतील? आणि पहिल्या वर्षानंतर दुरुस्तीचा पैसा कोठून येईल?

सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या असतात. आपल्यातील व्यापारी व शिकलेल्या तरुणांनी हे प्रश्न त्यांच्यापुढे मांडावेत. माल घेताना आपण तागा उलगडून पाहतो. येथे तर पैसा जनतेचा आहे आणि जीवही जनतेचाच.